समोर पाणी

शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून
आम्ही बेट मांडतो,
शाहूपुरीत, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात,
काउंटरच्या काचेवर.
काचेखाली पासपोर्ट फोटोंचे नमुने,
वर समुद्र.

पहिल्या दिवशी संग्रामनं विचारलेलं,
"ते सगळं खरं. पण पाडायचं कुणाला?"
तालमीत वाढलेला माणूस.
त्याच्या लेखी खेळ म्हणजे जोड,
समोर कुणीतरी हवं, खांदे, मान,
शेवटी कुणाची तरी पाठ मातीला.
बाहुबली नियमांच्या पुस्तिकेतून मान वर न काढता म्हणाला,
"कुणालाच नाही. आपण चौघं एकीकडं."
"आणि समोर?"
"समोर पाणी."

संग्रामनं बराच वेळ बेटाकडं बघितलं.
"पाण्याला चितपट कसं करत्यात, भावा?"

आम्ही हसलो होतो.
हे पुराच्या आधीचं.

मग तो ऑगस्ट. मोबाइलवर बंधाऱ्याचे आकडे,
एकोणचाळीस फूट, त्रेचाळीस,
आपल्या गल्लीत कुठं येतंय, असं म्हणत
रात्री साडेअकराला मी मशीन टेबलावर चढवलं,
कागदाचे गठ्ठे फळीवर,
आणि खोका राहिला काउंटरखाली.

आठ दिवसांनी शटर उघडलं.
वास अजून नाकात आहे, तो लिहीत नाही.
पानं एकेक सुटी केली, दोरीवर चिमट्यांनी टांगली.
बेटाचे चौकोन फुगून पुऱ्या झालेले,
ते शब्दकोशाखाली दाबले.
एक प्यादं गेलंच.
मुबीननं उद्यमनगरात लेथवर नवं काढून आणलं, पितळेचं,
इतकं जड की जिथं ठेवाल
तिथं जमीन जराशी खचते.

आणि पुराच्या तीन पानांपैकी
एकाच्या पाठीवर डाग राहिला.
चिखलाचा. पावट्याएवढा.
उलटं ठेवलं तरी ओळखू येतं.

बाहुबली म्हणाला, हे पान बाद.
पाठी सारख्या नसतील तर खेळ कसला?
तो सूर्यास्ताआधी जेवून येतो,
आमच्या भडंगाला हात लावत नाही,
त्याच्याशी नियमांवर कोण वाद घालणार?
बरं, मी झेरॉक्सवाली. तसं पान पुन्हा छापायला
मला दोन मिनिटं.
छापलंही. ड्रॉवरमध्ये आहे,
स्टेपलरच्या पिनांच्या डबीत.
कुणी मागितलं नाही. मीही काढलं नाही.

परवा ते वर आलं.
माझा डाव, गठ्ठ्याच्या माथ्यावर डाग,
आणि चौघांनाही दिसतोय.
मुबीन चहाचा कप हातातच धरून बसला.
तेव्हाही आकडे आधी कळत होतेच की.

बाहुबलीनं घसा साफ केला.
"पान उचलण्याआधी बोलायची मुभा आहे.
पान चार, शेवटची ओळ."

मग आम्ही बोललो.
आधी काय उचलायचं, कोण कुठं अडकलंय,
कुठला चौकोन जाऊ द्यायचा.
संग्राम सुखरूप नावेपाशी पोचला होता,
तो उलटा फिरला, तीन घरं,
पितळेचं प्यादं ठक्क करून माझ्या शेजारी.
"शर्वरे, उचल आता."

हरलो. एका चौकोनानं.
संग्राम म्हणाला, पाणी दमदार आहे,
पण डावाला कच्चं आहे,
पुढच्या शनिवारी धरतो.

मशीन आता चार फुटी ओट्यावर असतं.
तोही त्यानंच बांधला, विटा मोजून, मला न विचारता.
गिऱ्हाइकं विचारतात, एवढं उंच कशाला?
आधार कार्डाची एक प्रत काढायला
मी स्टुलावर चढते.

आणि खोका मशीनच्याही वर,
तिथवर मात्र माझा हात पोचत नाही.
शनिवारी कुणीतरी काढून देतं.